समुपदेशकाची पाटी, फाईल आणि कायदा: इंदुरात खोली थाटण्याआधी

सुदामा नगर, अन्नपूर्णा रोड, विजय नगर, भंवरकुआं. इंदुरात आता कुठेही जा, समुपदेशनाची एखादी पाटी दिसतेच. बसणाऱ्यांत पुण्या-मुंबईहून नाहीतर इथल्याच देवी अहिल्या विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करून आलेल्या मुली बऱ्याच. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लायसन्स कुठून काढायचं? त्यावर दोन उत्तरं मिळतात. एक, ‘असं लायसन्स नसतंच, बिनधास्त बस.’ दुसरं, ‘गुमाश्ता काढ, झालं.’ दोन्ही उत्तरं अंगाशी येणारी आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गुमाश्त्याचं आधी उरकू. मध्यप्रदेश दुकान आणि स्थापना अधिनियम, १९५८ खाली मिळणारा तो दाखला. इथे एक आस्थापना चालते, एवढंच तो सांगतो. बँकेत चालू खातं उघडायला तो उपयोगी पडतो. तुम्ही काय शिकलात आणि कुणावर काय उपचार करू शकता याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि खाली ‘शासनमान्य’ लिहिलं, तर येणाऱ्या माणसाची दिशाभूल होते. फी घेऊन दिलेलं समुपदेशन ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवा आहे, त्यामुळे अशी पाटी उद्या ग्राहक आयोगापुढे पुरावा म्हणून ठेवली जाऊ शकते.

आता मूळ मुद्दा. ‘समुपदेशक’ हे नाव घेऊन त्याला परवाना देणारा स्वतंत्र कायदा देशात झालेला नाही, हे खरं. पण या कामाला तीन कायदे तीन बाजूंनी भिडतात, आणि पाटीवर काय लिहायचं ते त्या तिघांना एकत्र वाचून ठरवायचं असतं.

पहिला, भारतीय पुनर्वास परिषदेचा (तिलाच आपण आर.सी.आय. म्हणतो) १९९२ चा कायदा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही ओळख या परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातून आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीतल्या क्रमांकातून मिळते. एम.ए.च्या गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हा विषय छापलेला असला, तरी तेवढ्याने ती मिळत नाही. घोडं पेंड खातं ते इथेच. क्रमांकाशिवाय ते काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम १३ मध्ये आहे. दंडाची रक्कम किरकोळ वाटते, पण शाळेने मागितलेला बुद्ध्यंकाचा अहवाल, अध्ययन-अक्षमतेसाठी लागणारी चाचणी, न्यायालयात दाखल होणारं मूल्यमापन, हे सगळं त्या क्रमांकावर उभं असतं. क्रमांक नसलेल्या सहीचा अहवाल परत येतो आणि मुलाचं परीक्षेतल्या सवलतीचं वर्ष हातचं जातं. त्या घराचं होणारं हे नुकसान दंडापेक्षा कितीतरी मोठं आहे.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण ते नेमकं सांगितलं आहे: मनोविकारतज्ज्ञ, कलम ५५ खाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारक-परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर, आणि आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सिद्ध यांतले त्या त्या मानसरोग शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. समुपदेशक या यादीत नाही. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. आर.सी.आय.चा क्रमांक देशभर चालतो, पण प्राधिकरणाची नोंदणी राज्याराज्याची वेगळी असते. महाराष्ट्रात नोंद झालेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लग्न होऊन इंदुरात आली, तर तिने मध्यप्रदेशच्या प्राधिकरणाकडे अर्ज करायला हवा.

तिसरा आणि सगळ्यात नवा, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१. समुपदेशकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते याच्याकडे. याच्या अनुसूचीत दहा संवर्ग आहेत. त्यांतल्या सामुदायिक सेवा आणि वर्तन-आरोग्य विज्ञान या संवर्गात आर.सी.आय.कडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगळून इतर सायकॉलॉजिस्ट येतात, वर्तन विश्लेषक येतात, एकात्मिक वर्तन-आरोग्य समुपदेशक येतात, एच.आय.व्ही. आणि कुटुंबनियोजन समुपदेशक येतात, सोशल वर्करही येतात. म्हणजे ज्या मंडळींना आजवर कुणी विचारत नव्हतं, त्यांची नावं पहिल्यांदाच केंद्रीय कायद्यात आली. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवायला किमान ३,६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत पसरलेलं पदवीशिक्षण, अशी या कायद्यातली मोजपट्टी आहे. या व्यवसायांची नोंदवही ठेवणाऱ्या राज्य परिषदा वेळेत बसल्या नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला आणि राज्यांना १२ ऑक्टोबर २०२४ पर्यंतची मुदत घालून दिली होती.

सरकारी दिरंगाईचा राग मलाही आहे. एखाद्या व्यवसायाला कायद्यात जागा द्यायची आणि नोंदवहीच उघडायची नाही, यात प्रामाणिक माणूस भरडला जातो आणि आठवड्याभराचा ऑनलाईन कोर्स करून ‘सर्टिफाईड थेरपिस्ट’ म्हणवणाऱ्याचं फावतं. पण ‘परिषद बसेल तेव्हा बघू’ म्हणून हातावर हात धरून बसणंही बरोबर नाही. आतापासून करण्यासारखं बरंच आहे, त्याकडे शेवटी येतो.

पाटीवर लिहायचं काय? नाव, पदवी जशी गुणपत्रिकेवर आहे तशी, विद्यापीठ, आणि खाली ‘समुपदेशन’. आर.सी.आय. क्रमांक असेल तर तो. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ लिहू नका. मराठी वाचणारा माणूस त्याचा अर्थ गोळ्या देणारा डॉक्टर असा घेतो. पीएच.डी. असेल तर ‘डॉ.’ लावायला हरकत नाही, पण पुढे ‘पीएच.डी. (मानसशास्त्र)’ ठळक असू द्या. ‘नैराश्य १००% बरे’, ‘औषधाविना खात्रीशीर उपचार’ असली वाक्यं तर अजिबात नकोत. ती वाचून चालू गोळ्या बंद करणारे लोक असतात, आणि त्यांतल्या काहींच्या जिवावर बेततं.

औषधांबद्दल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०६ स्पष्ट आहे: आपल्या शाखेत न बसणारं कुठलंही औषध किंवा उपचार सुचवायचा नाही. समुपदेशकाने हे अश्वगंधेपासून मेलाटोनिनपर्यंत सगळ्याला लागू आहे असं धरून चालावं. चालू गोळीचा डोस ‘अर्धा करून बघा’ हाही वैद्यकीय सल्लाच. पेशंट गोळीने झोप जास्त येते म्हणाला, तर ते कागदावर लिहून त्याच्या डॉक्टरकडे न्यायला सांगायचं. आपण त्यात पडायचं नाही.

आणखी एक सीमा. बाह्यरुग्ण पद्धतीची, तासाभराची भेट देऊन माणूस घरी जातो अशी खोली चालवायला २०१७ च्या याच कायद्याखाली आस्थापनेची नोंदणी लागत नाही. पण मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारासाठी तात्पुरतं का होईना ठेवून घेतलंत, मग त्याला ‘रिट्रीट’ म्हणा की ‘निवासी शिबिर’, तर ते मानसिक आरोग्य आस्थापनेच्या व्याख्येत येतं आणि कलम ६५ ची नोंदणी लागते. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरलेल्या आहेत, त्यामुळे व्यसनमुक्तीची निवासी केंद्रंही यातून सुटत नाहीत. नोंदणीविना चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत, त्यापुढे ५ लाखांपर्यंत दंड. शिवाय अशा जागी जाणूनबुजून काम करणाऱ्या व्यावसायिकाला २५ हजारांपर्यंत दंड आहे. आठवड्यातून दोनदा जाऊन ग्रुप सेशन घेणाऱ्यांनी आधी त्या केंद्राचा नोंदणी दाखला बघायला मागावा. लाजायचं कारण नाही.

आता फाईल. समुपदेशक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे.

२०१७ च्या कायद्यातलं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि कलम २४ तोच हक्क डिजिटल नोंदींनाही लावतं. अपवाद मोजके आहेत: उपचारासाठी दुसऱ्या व्यावसायिकाला सांगणं, नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगणं, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून, जिवाला धोका असेल तर, सार्वजनिक सुरक्षेसाठी, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, न्यायालय किंवा सक्षम वैधानिक प्राधिकाऱ्याचा आदेश असेल तर. ज्या समुपदेशकाची कुठेच नोंदणी नाही त्याला हे कलम थेट लागू होतं का, यावर वकील वाद घालतील. घालू देत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे, आणि पेशंटशी तुमचा करारही आहेच. कलम २३ आपल्याला लागू आहे असंच समजून वागा.

त्यासाठी संमतिपत्र हवं, आणि ते माणसाला कळेल अशा भाषेत हवं. इंग्रजी नमुना उतरवून त्यावर सही घेण्यात अर्थ नाही. समोर रामबागेतल्या आजी बसल्या असतील तर त्यांनाही कळावं असं काहीसं:

‘इथे तुम्ही जे बोलाल ते माझ्यापाशीच राहील. चार प्रसंगी मला ते दुसऱ्याला सांगावं लागेल. तुमच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं तर. तुमच्या हातून दुसऱ्याला इजा होईल असं दिसलं तर. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला आहे किंवा होऊ शकतो असं मला कळलं तर. आणि न्यायालयाने तसा आदेश दिला तर. शक्य असेल तेव्हा मी आधी तुम्हाला सांगेन, आणि सांगताना गरजेपुरतंच सांगेन. माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांशी मी तुमच्याबद्दल नाव न घेता चर्चा करू शकते. मी डॉक्टर नाही, औषध देत नाही. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगेन.’

खाली फी, वेळ रद्द करण्याचा नियम, जवळच्या एका माणसाचं नाव आणि फोन, दोन सह्या, तारीख. हे पहिल्या दहा मिनिटांत वाचून दाखवायचं. तिसऱ्या सेशनला रडत सांगितल्यावर ‘अहो, हे मला पोलिसांत सांगावं लागेल’ असं म्हणायची वेळ आली, तर त्या माणसाचा विश्वास कायमचा तुटतो. कायदा सांभाळण्याइतकंच हे त्या माणसासाठी महत्त्वाचं आहे.

तिसरा प्रसंग म्हणजे पॉक्सो, २०१२ चा कायदा. त्याचं कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक, शेजारी, सगळे त्यात आले. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक ठाण्याला कळवायचं. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. ज्याच्याविरुद्धची फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती, त्या डॉक्टरवर खटला पुन्हा उभा राहिला.

अवघड जागा कोणती? कोचिंगला आलेली सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मित्राबद्दल सांगते, आपखुशीने. कायद्याच्या नजरेत अठराखाली संमती नाहीच, म्हणून कलम १९ लागतं. अनेक जण इथे ‘मी ऐकलंच नाही’ म्हणून पुढे जातात. त्या मुलीला काय भोगावं लागेल या काळजीपोटीच ते तसं करतात, हे समजतं. कायद्याने या वयाच्या संबंधांचा वेगळा विचार करायला हवा, असं माझंही मत आहे. पण आजचा कायदा आहे तो असा. गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला अल्पवयीन मुलीची ओळख न सांगता कळवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिली, ती समुपदेशकाला मिळालेली नाही. म्हणून अल्पवयीन मुलाशी बोलताना तपशिलात शिरण्याआधीच, पहिल्या भेटीत, मर्यादा सांगायची, म्हणजे काय बोलायचं ते त्या मुलाच्या हातात राहतं.

कळवायचंच झालं तर लेखी कळवा: मुलाने जे शब्द वापरले ते, तारीख, वेळ, कोण हजर होतं, आणि तुमच्या अंदाजातलं काहीही नको. तपास हे आपलं काम नाही. ‘नक्की काय झालं’ म्हणून पाच वेळा विचारलं की मुलाचा जबाब पुढे न्यायालयात कमकुवत होतो. ठाण्यातून नोंद क्रमांक घ्या आणि फाईलला लावा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. कळवल्यावर मुलाला सोडू नका. त्याला तुमची खरी गरज तिथून पुढे लागते.

मोठ्या माणसाने आपल्या बालपणीचा अत्याचार सांगितला तर? पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, त्याआधीच्या घटनेला तो लागत नाही. त्यानंतरची घटना असेल, तर ‘पीडित आजही अठराच्या आतच हवा’ असं कलम १९ मध्ये लिहिलेलं नाही. शिवाय तोच इसम आज दुसऱ्या एखाद्या मुलाच्या संपर्कात असू शकतो. अशा वेळी एकट्याने निर्णय घेऊ नका. सुपरव्हायझर आणि वकील दोघांशी बोला आणि काय ठरलं, का ठरलं, ते फाईलला लिहून ठेवा.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल अजून खूप गैरसमज आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं, की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर गेलंच. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. तेव्हा ‘केस होईल’ या धास्तीने दवाखान्यात न नेणाऱ्या घरच्यांना हे ठामपणे सांगा. रात्री-बेरात्री लागणारा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो संमतिपत्राच्या तळाशीच छापा. तातडीने दाखल करायची वेळ आली, तर बाणगंगेचं मानसिक रुग्णालय किंवा एम.वाय., यांतलं कुठे, कोणत्या दाराने, रात्री कोण असतं, हे आधी जाऊन बघून ठेवलेलं असावं. फोनवर रडणाऱ्या आईला त्या क्षणी पत्ता शोधायला लावू नये.

आता न्यायालय. घटस्फोटाच्या किंवा मुलाच्या ताब्याच्या खटल्यात एका बाजूचा वकील समुपदेशकाची फाईल मागतो, हे आता नेहमीचं झालं आहे. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचा विशेषाधिकार भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे, नवराबायकोच्या आपसातल्या बोलण्यालाही आहे. समुपदेशकाला तो नाही. परदेशी पुस्तकं वाचून काही जण दोन वह्या ठेवतात, एक ‘रेकॉर्ड’ आणि एक ‘खासगी टिपणं’. अमेरिकेत त्या टिपणांना वेगळं संरक्षण आहे. आपल्याकडे तसा कप्पा नाही, न्यायालयाने मागितला तर दोन्ही कागदच. म्हणून लिहितानाच भान ठेवा. ‘नवरा विकृत आहे’ असं लिहू नका. ‘पेशंटने सांगितलं की नवरा दारू पिऊन मारतो’ असं लिहा. आपण पाहिलेलं आणि आपल्याला सांगितलेलं वेगळं दिसलं पाहिजे.

मागणी आली की ती कुणाकडून आणि कशाच्या आधारे, ते आधी बघा. वकिलाची नोटीस हा आदेश नाही. तिला ‘सक्षम न्यायालयाच्या आदेशाविना माहिती देता येत नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर पुरतं. ठाण्यातून आलेला ‘मॅडम, जरा फाईल व्हॉट्सॲप करा’ हा फोनही आदेश नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश यायला हवा. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर कलम १७९ आहे, आणि त्यात स्त्रीला तिच्या राहत्या घराबाहेर कुठे यायची सक्ती करता येत नाही. न्यायालयाचं समन्स मात्र टाळता येत नाही. तारखेला जायचं, फाईल बंद लिफाफ्यात न्यायची, आणि न्यायाधीशांपुढे लेखी विनंती ठेवायची: या नोंदींत गोपनीय आणि तिसऱ्या व्यक्तीची माहिती आहे, खटल्याला लागतो तेवढाच भाग कोणता ते ठरवून द्यावं. मूळ कागद देताना त्याची प्रत आणि पोच ठेवायची. समन्स आल्यावर पानं फाडणं किंवा मागच्या तारखेने लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

जोडप्याचं समुपदेशन करत असाल तर एकत्र भेटींची फाईल एक, आणि स्वतंत्र भेटींच्या नोंदी दोन वेगळ्या ठेवा. नाहीतर बायकोने तिच्या हक्काने मागितलेल्या प्रतीतून नवऱ्याने एकट्याने सांगितलेलं बाहेर जातं. संमतिपत्रातच लिहून घ्या, की एकत्र फाईलची प्रत दोघांच्या सहीशिवाय मिळणार नाही.

फाईल किती काळ ठेवायची? डॉक्टरांसाठी किमान तीन वर्षांचा नियम आहे, तोच आधार धरा. मुलांच्या बाबतीत अठरा पूर्ण झाल्यावर पुढे तीन वर्षं. डिजिटल नोंदींसाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. कागदी वही त्यात येत नाही. गूगल फॉर्म, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, क्लाऊडवरचे रेकॉर्डिंग येतात. डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि त्या त्या माणसाला कळवावं लागेल, मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत. घरच्या सगळ्यांच्या हातात असणाऱ्या फोनवरून पेशंटशी बोलणं आजच बंद करा.

भंवरकुआंच्या कोचिंगवाल्यांकडून काम घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेला बाल-किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर ठेवावाच लागतो. लहान संस्थांनी बाहेरच्या व्यावसायिकांशी रीतसर जोडणी करायची. गुणांवरून बॅच पाडणं, चारचौघांत अपमान करणं यालाही मनाई आहे.

अडचण अशी, की कोचिंगच्या धंद्यात ‘काउन्सेलर’ म्हणजे प्रवेश विकणारा माणूस. त्याच टेबलावर तुम्हाला बसवून सूचना पाळल्याचं दाखवलं जातं. करारात लिहून घ्या: दार बंद होणारी स्वतंत्र खोली; प्रवेश, फी, निकाल यांचं कुठलंही काम नाही; मुलांची नावं व्यवस्थापनाला जाणार नाहीत, महिन्याला फक्त एकूण आकडे; आणि धोका दिसला तर कुणाला, किती वेळात, कोणत्या दवाखान्यात न्यायचं याची लेखी पद्धत. हे द्यायला तयार नसलेल्या संस्थेचं काम सोडा. एखाद्या मुलाचं बरंवाईट झालं, तर तुमची तिथली सहीच पुढे केली जाईल.

ऑनलाईन सेशनबद्दल थोडक्यात. इंदूरचे बरेच जण पुण्या-नाशकातल्या मराठी माणसांना बघतात, कारण भाषा जुळते. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ‘आत्ता कुठे आहात’ विचारून लिहून ठेवा, आणि त्या गावातल्या एका नातेवाईकाचा नंबर हाताशी असू द्या. परदेशातल्या पेशंटला तिथल्या राज्याचे परवान्याचे नियम लागू होतात. तिथे तो परवाना नसेल तर काम घेऊ नये.

पैशांचं लवकर संपवू. सेवांसाठी जी.एस.टी.ची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. आरोग्यसेवेला असलेली सूट समुपदेशकाला मिळते का, हे तुमच्या पात्रतेवर ठरतं, ती मर्यादा जवळ आली की सी.ए.ला विचारा. विम्याचं मात्र पेशंटला आधीच सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा हवा, पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच खर्च देतात, समुपदेशनाची बिलं परत येतात. बिलावर निदान लिहून द्या असा आग्रह झाला तरी लिहू नका.

शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. यू.जी.सी.ने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाईन प्रवेश बंद केले आहेत. संसार सांभाळून घरबसल्या एम.ए. करणाऱ्या बायकांना याचा मोठा फटका बसला आहे, आणि त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग काढायला विद्यापीठांनी पुढे यायला हवं. आधी प्रवेश घेतलेल्यांबद्दल तो निर्णय नाही. शाळेत काम करायचं असेल तर एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा डिप्लोमा आहे, त्याचं एक केंद्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत आहे. कुठल्याही खासगी कोर्सचे पैसे भरण्याआधी तो आर.सी.आय.च्या यादीत आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कोर्सच्या माहितीपत्रकावर भरवसा ठेवू नका.

आणि नोंदवहीची तयारी. राज्य परिषदेकडे अर्ज करायची वेळ येईल तेव्हा तासांचा हिशेब मागितला जाईल, म्हणून आत्ताच एक फाईल लावा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका. विद्यापीठाने साक्षांकित केलेला अभ्यासक्रम, ज्यात प्रत्येक विषयाचे तास दिसतात (जुना अभ्यासक्रम पाच-सात वर्षांनी विद्यापीठात सापडत नाही). इंटर्नशिपची पत्रं, ज्यांवर ‘सहा महिने काम केले’ एवढंच नसून एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं आहे. सुपरव्हायझरची तारीखवार सही असलेली वही, सुपरव्हायझरचा नोंदणी क्रमांक त्यावर. कामाच्या सुरुवातीची तारीख दाखवणारं काही, जसं भाडेकरार, गुमाश्ता, पहिलं बिल. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र. सुपरव्हायझर निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले की सही मिळवणं फार कठीण जातं, तेव्हा ती वही याच महिन्यात भरून घ्या.